ट्रॉलीची पिन आणि कृष्णातचे दोन हात

मी एक जुनी पिन आहे, मित्रांनो. केसांत खोवायची नव्हे आणि कागदाला टोचायची तर मुळीच नव्हे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडून ठेवणारी, वीतभर लांबीची, किलोभर वजनाची पोलादी पिन. माझ्या डोक्याला धरायला एक जाड कडी आहे आणि पायाशी एक लहानसं आरपार भोक आहे. त्या भोकात माझी धाकटी सोबतीण राहायची. तिचं नाव खीळ.

दिसायला मी काही देखणी नाही. रस्त्याने उसाची ट्रॉली निघाली की लोक ट्रॅक्टरचा रंग बघतात, टेपवरचं गाणं ऐकतात, ट्रॉलीच्या फळीवर रंगवलेल्या ओळी मोठ्याने वाचतात. दोन्हींच्या मधे वाकून माझ्याकडे कोण बघणार? पण मी जागेवर नसेन, तर ट्रॅक्टर हातकणंगल्याला पोचेल आणि ट्रॉली कुणाच्या तरी परसात. याला गर्व म्हणायचं असेल तर म्हणा. दहा टन ऊस ओढणाऱ्या पिनेला एवढा गर्व शोभतो.

माझा जन्म एकोणीसशे ब्याण्णव सालचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गुंडू मिस्त्रींचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं. दिवाळी नुकतीच उरकली होती, कारखान्यांची धुराडी पेटायची होती आणि सगळ्या जिल्ह्यातले ट्रॅक्टरवाले दुरुस्तीसाठी मिस्त्रींच्या दारात गोळा झाले होते. त्या गर्दीत हातकणंगल्याजवळच्या एका गावातून कृष्णात नावाचा शेतकरी आला. थोडी शेती आणि जुना निळा ट्रॅक्टर, एवढा त्याचा संसार. लोकांच्या रानात नांगरट करायची आणि हंगामात ऊस वाहायचा, हा त्याचा धंदा. त्याने पिशवीतून लोखंडाचा एक तुकडा काढून मिस्त्रींपुढे ठेवला.

मिस्त्रींनी तो उलटासुलटा केला. "पावणं, ही काय हाय?"

"पिन हाय की ट्रॉलीची."

"ही पिन? ही पहारंची मोडकी शेपटी! भोक एवढं मोठं आणि त्यात ही काडी. आत नाचत आसंल. नाचून नाचून एक दिवस तुमालाच नाचवंल."

कृष्णात ओशाळला. मिस्त्रींनी भोकाचं माप विचारलं, कोपऱ्यातून पोलादाची एक सळई ओढली आणि लेथला लावली. ती सळई म्हणजे मी. माझ्या अंगावरून लोखंडाची वेटोळी निघत होती, वरून पांढरं पाणी सांडत होतं आणि मी अखंड किंचाळत होते. मग मला भट्टीत लाल केलं आणि तेलात बुडवलं. त्या दिवसापासून मी कुणापुढे वाकले नाही. शेवटी मिस्त्री माझ्या पायाला भोक पाडू लागले, तेव्हा कृष्णात म्हणाला, "खीळ नगं मिस्त्री. एवढी जड पिन हाय, आपसूक बसती खाली."

मिस्त्रींनी लेथ बंद केला. "खड्ड्यात ट्रॉली आपटली की पिन वर उडती. बिनखिळीची पिन म्हंजे बिनकडीचं दार. खीळ नगं आसंल तर पिन बी न्हाय. जावा!"

कृष्णातने मुकाट्याने आम्हा दोघींना घेतलं. मिस्त्रींनी खिळीला बारीक साखळी लावून तिला माझ्या कडीशी बांधून टाकलं होतं. मला मनातून फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या जगात आपण एकटं नाही, ही गोष्ट लोखंडालाही सुखाचीच असते.

घरी कृष्णातची बायको सोनूबाई वाट बघत होती. उंचीने लहान, आवाजाने मोठी. तिने मला हातावर तोलून पाहिलं, जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता कसं! पिन बघून ट्रॉली बी निमूट माघनं येईल."

ट्रॅक्टर चालवायचा कृष्णातने आणि ट्रॉली जोडायची सोनूबाईने, अशी त्यांची वाटणी होती. जोडतात कशी, तेही सांगते. ट्रॅक्टरच्या मागे हूक असतो, त्याला वर एक आणि खाली एक अशा दोन पट्ट्या. ट्रॉलीच्या पुढे लांब दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला कडं. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, दांडा उचलून त्याचं कडं दोन पट्ट्यांच्या मधे धरायचं, आणि भोकांत भोक आलं की मी वरून खाली उतरायचं. मग खालून खीळ लावायची. ऐकायला सोपं आहे. पण दांडा उचलणारं माणूस त्या वेळी कुठे उभं असतं? पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली आणि मधे ते. त्या जागेत चूक करायला आणि ती निस्तरायला सारखाच वेळ मिळतो, म्हणजे अजिबात मिळत नाही.

पहिल्याच हंगामात एका सकाळी आम्हाला ते कळलं. दवाने सगळं ओलं झालं होतं. सोनूबाई दांडा धरून उभी होती आणि कृष्णात ट्रॅक्टर इंच इंच मागे घेत होता. चिखल लागलेली त्याची चप्पल क्लचवरून सटकली. ट्रॅक्टरने मागे धक्का खाल्ला आणि हूक दांड्यावर आदळला. सोनूबाईने हात मागे घेतला म्हणून हात वाचला. मनगटातल्या दोन काकणांचा मात्र चुरा होऊन माझ्या डोक्यावर पडला.

कृष्णात खाली उडी मारून आला. सोनूबाईने मनगट पुसलं, काचेचा एक तुकडा उपसून काढला आणि मग जे बोलली ते मला आजही पाठ आहे.

"आजपास्नं ट्रॅक्टर उभा ऱ्हायल्याबिगर मी मधी येणार न्हाय. गेर काढायचा, हँडब्रेक वढायचा आणि तुमचं दोन्ही हात वर करायचं. डोस्क्याच्या वर. तुमचं हात मला दिसलं तर मी मधी, न्हाय तर ट्रॉली तुमची तुमी जोडा."

"अगं, हात कशापायी वर?"

"हात वर आसलं म्हंजे गेरवर न्हाईत. मला लांबनं बी कळतंय आणि तुमास्नी बी इसर पडत न्हाय."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. कृष्णात ट्रॅक्टर थांबवायचा आणि दोन्ही हात आभाळाकडे करून बसायचा. सोनूबाई पदर खोचून मधे शिरायची, दांडा उचलायची, मला सोडायची, खीळ लावायची, बाजूला यायची आणि ओरडायची, "व्हय, जाऊ द्या!" मग ते हात खाली यायचे. नीट जमलं नाही आणि ट्रॅक्टर पुन्हा चार बोटं मागे घ्यायचा असला, की ती आधी बाहेर यायची, तो मागे घ्यायचा, थांबायचा आणि परत हात वर. एवढ्या गोष्टीला चहा निवेल इतकाही वेळ लागत नसे.

मग आमची खरी चाकरी सुरू झाली. ऊस, शेणखत, विटा, कडबा, काय काय ओढलं नाही मी! चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तर आमचीच ट्रॉली असायची. आदल्या दिवशी सोनूबाई ट्रॉली धुऊन काढायची, निळे झेंडे लागायचे, बाबासाहेबांची तसबीर मधोमध विराजमान व्हायची आणि कृष्णात पांढराशुभ्र शर्ट घालून इतका हळू चालवायचा की पुढचे लेझीमवाले मागे वळून बघायचे. त्या दिवशी माझ्या खिळीलाही ग्रीस लागायचं.

रानात असताना मात्र मी हत्यारांच्या पेटीत आराम करायची. नांगराला माझं काही काम नसतं. ट्रॅक्टरच्या ब्रेकला दोन पेडल असतात, मित्रांनो, उजव्या चाकाला एक आणि डाव्याला एक. रानात वळताना ते वेगवेगळे लागतात. रस्त्यावर मात्र मधली पट्टी लावून दोघांना एक करावं लागतं, नाहीतर जोरात ब्रेक दाबला की एकच चाक थांबतं आणि गाडी गर्रकन फिरते. बांधावरून रस्त्याला लागताना सोनूबाईचा आवाज यायचाच. "पट्टी लावलीसा का?" एकदा कृष्णात वैतागून म्हणाला, "बायकू हाय का आरटीओ?" पण म्हणता म्हणता पट्टी लावली.

आणि तुमच्यासारख्या पोरांचंही मी काही विसरलेले नाही! शाळा सुटली की चालत्या ट्रॉलीमागे पळून ऊस ओढणारी ती टोळी. कुणी कुणी तर मधल्या दांड्यावर बसून फुकट सफर करायचं, अगदी माझ्या डोक्याला पाय लावून. सोनूबाईने एकदा ट्रॉली थांबवून अशा दोघांचे कान धरले आणि मग दोघांच्या हातात एकेक ऊस दिला. "मागितला तर देतो की मी! दांड्यावर बसल्याला दिसलासा तर उसानंच झोडपीन." ती पोरं नंतर खरंच मागून न्यायला लागली.

पण गाव ते गावच. बायकोने 'हात वर' म्हणायचं आणि नवऱ्याने करायचे, एवढं आयतं खाद्य मिळाल्यावर कोण सोडणार? यात सगळ्यांत पुढे हंबीरराव. हंबीरराव म्हणजे कृष्णातचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे नवाकोरा लाल ट्रॅक्टर, अंगापेक्षा मोठ्या मिशा आणि मिशांपेक्षा मोठं तोंड. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर कृष्णात दिसला की तो लांबूनच आरोळी ठोकायचा, "हात वर!" चहाच्या गाड्यावर हशा पिकायचा. हळूहळू सगळं गाव त्याला 'हातवर कृष्णात' म्हणू लागलं. लग्नाच्या पत्रिकेवर एकाने तेच नाव घातलं, तेव्हा मात्र कृष्णात दोन दिवस नीट जेवला नाही.

तो हसण्यावारी न्यायचा. पण पेटीतून काढताना मी त्याच्या मुठीत असायची ना! घट्ट आवळलेली मूठ कशाची असते, ते पिनेला कळतं. दहा वर्षं ऐकून ऐकून त्याच्या मनात ते रुतून बसलं होतं.

अशात दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत ट्रॅक्टरची रिव्हर्स स्पर्धा ठरली. ट्रॉली मैदानात एकटी उभी करायची. ट्रॅक्टर पन्नास पावलांवरून आणायचा, मागे घ्यायचा, जोडीदाराने ट्रॉली जोडायची, आणि मग रोवलेल्या काठ्यांच्या मधून ट्रॉली मागे मागे नेत चुन्याच्या चौकोनात उभी करायची. सगळ्यांत कमी वेळ लावेल त्याला ढाल आणि फेटा. ट्रॉली मागे घेणं म्हणजे हट्टी रेडकाला शेपटीकडून ढकलण्यासारखं असतं. आपण उजवीकडे वळवावं आणि ट्रॉलीने डावीकडे जावं. पण कृष्णातचा त्यात हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. ही गोष्ट हंबीररावही मान्य करायचा, अर्थात कृष्णात नसताना.

आदल्या दिवशी हंबीररावाने तिकटीवर गाठलंच. "कृष्णात, तू मागं लई भारी घेतोस रं. पर तू थांबणार, हात वर करणार, वैनी पदर खोचणार, मग पिन घालणार. तवर आमी ढाल घिऊन घरला जेवून येतोय बघ!"

त्या संध्याकाळी कृष्णात सोनूबाईला म्हणाला, "उद्याच्याला तेवढं हात वर नगं. एकच दिस. तू आधीच दांडा धरून मधी थांब, मी आलो की पिन सोड."

सोनूबाईने भाकरी उलटली. "मी न्हाय."

"अगं, ढालीचा प्रश्न हाय."

"मग दुसरं माणूस बघा. माझी काकणं फुटल्याली तुमी इसरलासा, मी न्हाय."

दुसरं माणूस म्हणजे आण्णा, कृष्णातचा चुलतभाऊ. दोन म्हशींचा मालक, नवीन लग्न झालेला, आणि कुणी काही मागितलं तर नाही म्हणता न येणारा. त्याने आयुष्यात कधी ट्रॉली जोडली नव्हती. कृष्णातने त्याला सकाळी गोठ्यापुढे दोनदा शिकवलं आणि त्याचं शिक्षण संपलं.

स्पर्धेच्या दिवशी कृष्णातने आणखी दोन गोष्टी केल्या. मी भोकातून सर्रकन उतरावी म्हणून मला कडीपासून पायापर्यंत ग्रीस फासलं. आणि वेळ वाचावा म्हणून माझी साखळी सोडून खीळ काढून खुंटीला अडकवली. दहा वर्षांत पहिल्यांदाच मी खिळीवाचून घराबाहेर पडले. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

मैदान माणसांनी फुललं होतं. हलगी कडाडत होती, भेंड-बत्ताशांची दुकानं लागली होती आणि लाऊडस्पीकरवर गावातलेच एक गुरुजी तोंडाला येईल ते बोलत होते. हंबीररावाचा नंबर आधी आला. त्याच्या पुतण्याने ट्रॉली झटक्यात जोडली, एक काठी तेवढी पडली. काठीची शिक्षा धरून वेळ लागला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. टाळ्या पडल्या. हंबीररावाने मिशीवरून हात फिरवला.

"आता येत आहेत," गुरुजी म्हणाले, "आपले लाडके कृष्णात, म्हणजेच..." आणि सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, "हात वर!"

कृष्णातचे कान लाल झाले. त्याने कुणाकडे न बघता गाडी सुरू केली.

आण्णा दांडा धरून मधे उभा होता. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मी. त्याचा तळवा घामाने थबथबला होता आणि माझ्या अंगावर ग्रीस. शिट्टी झाली. ट्रॅक्टर आला, वळला आणि मागे येऊ लागला. दहा पावलं, आठ पावलं. आण्णाने मला जरा घट्ट धरायला बोटं हलवली आणि मी सुटले.

मी धुळीत पडले, थेट दांड्याखाली. चूक माझी नव्हती, पण ती आठवण आली की मला आजही शरम वाटते. आण्णा दांडा सोडून मला उचलायला वाकला. वाकल्याबरोबर तो सीटवरून दिसेनासा झाला. मागची चाकं केवढी मोठी असतात ते तुम्ही पाहिलं आहेच. कृष्णातला वाटलं, आण्णा बाजूला सरला. आण्णाने "थांब, थांब!" अशी हाक मारली, पण हलगीपुढे ती हाक कुणाला ऐकू जाणार? ट्रॅक्टर मागे येतच राहिला. मी खाली पडून वर बघत होते. आण्णाची वाकलेली पाठ, आणि तिच्याकडे सरकणारा तो हूक, ज्यात मी दहा वर्षं राहिले होते. त्या क्षणी मला माझ्याच घराची भीती वाटली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी दोरीखालून मैदानात घुसलं. सोनूबाई! ती ओरडली असेलच, पण मला ऐकू आली नाही. ती ट्रॉलीच्या कडेला, कृष्णातच्या नजरेसमोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले.

कृष्णात मागे बघतच गाडी चालवत होता. त्याला ते हात दिसले. दहा वर्षं ज्याच्या अंगात एकच गोष्ट मुरली होती, की हात वर म्हणजे गाडी जागेवर, त्याच्या पायांनी डोक्याला विचारलंसुद्धा नाही. क्लच आणि ब्रेक एकदम दाबले गेले. ट्रॅक्टर डुचमळून थांबला. हूक आणि आण्णाची पाठ यांच्यामधे माझ्याएवढंच अंतर होतं, म्हणजे एक वीत.

हलगी थांबली. आण्णा मला हातात घेऊन बाहेर आला आणि मटकन खाली बसला. त्याची नवी नवरी गर्दीतून धावत आली आणि त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. कृष्णात ट्रॅक्टर बंद करून उतरला. तो आण्णापुढे गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "माझं चुकलं रं. ढालीपायी मी तुला घालिवलं असतं."

"मी न्हाय म्हणाय पायजे हुतं," आण्णा एवढंच म्हणाला.

गुरुजींच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. त्यांनी हळूच विचारलं, "कृष्णातराव, बाद धरू का?"

कृष्णातने डोळे पुसले. "न्हाय गुरुजी. घड्याळ चालू दे तुमचं."

तो पुन्हा सीटवर चढला. सोनूबाईने आण्णाच्या हातातून मला घेतलं आणि पदराने माझं ग्रीस खरवडून पुसलं. कृष्णातने ट्रॅक्टर हुकाच्या अंतरावर आणून थांबवला, गेर काढला, हँडब्रेक ओढला. आणि मग साऱ्या गावादेखत, पाव्हण्यांदेखत, हंबीररावादेखत त्याने दोन्ही हात आभाळाकडे उचलले. इतके उंच ते मी कधी पाहिले नव्हते. एकही माणूस हसला नाही.

सोनूबाई मधे आली. दांडा उचलला, मला भोकात सोडलं, आणि पदराची गाठ सोडून तिच्यातून खीळ काढली! सकाळी खुंटीवर दिसली तेव्हाच तिने ती उचलून पदराला बांधली होती. खीळ माझ्या पायात बसली आणि माझा जीव भांड्यात पडला. "व्हय, जाऊ द्या!"

पुढे जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. कृष्णातने ट्रॉली त्या काठ्यांमधून अशी मागे नेली, की एकाही काठीला वारासुद्धा लागला नाही. चौकोनाच्या चुन्यावर चाक उमटलं नाही. वेळ झाला सात मिनिटं दहा सेकंद. गुरुजींनी जाहीर केलं, "कृष्णातराव, नंबर शेवटचा!" आणि टाळ्या अशा वाजल्या की ढाल घेताना हंबीररावालाही तेवढ्या मिळाल्या नाहीत.

पण मजा पुढेच आहे. दिवस कलला. माणसं कुस्त्यांच्या फडाकडे निघून गेली. मैदानात सोडून ठेवलेली आमची ट्रॉली आणि शेजारी हंबीररावाची, एवढ्याच राहिल्या. हंबीररावाचा पुतण्याही कुस्त्या बघायला पळालेला. तेव्हा हंबीररावाची बायको शालूबाई ट्रॉली जोडायला आली. हंबीरराव डोक्याला फेटा आणि काखेत ढाल अशा थाटात ट्रॅक्टर मागे घेऊन थांबला.

"घाल की पिन," तो म्हणाला.

शालूबाई ट्रॉलीच्या कडेला हाताची घडी घालून उभी. "हात वर."

"आं?"

"ऐकाय आलं न्हाय? हात वर."

हंबीररावाने इकडे तिकडे पाहिलं. कृष्णातने पटकन तोंड फिरवलं आणि टायरमधला एक खडा काढायला बसला. सोनूबाईने तोंडात पदर कोंबला. "अगं, ढाल हाय हातात," हंबीरराव पुटपुटला. "खाली ठिवली तर धूळ लागंल."

"मग ढालीसकट करा."

आणि मित्रांनो, हंबीररावाने केले! ढालीसकट दोन्ही हात वर केले आणि शालूबाईने पिन सोडून, खीळ लावून, साडी झटकून बाहेर येईपर्यंत तसाच बसून राहिला.

पुढच्या दोन-तीन हंगामांत आमच्या गावात ट्रॉली जोडायची तीच रीत पडली. 'हातवर' हे नाव मात्र मागे पडलं. म्हणायचं तरी कुणाकुणाला?

माझंही वय होत आलं होतं. दोन हजार सहा साली एका सकाळी सोनूबाईने मला पुसताना नखाने माझी कंबर चाचपली. "अवं, ही झिजली की! निम्मी ऱ्हायलीया मधी."

"आनी एक हंगाम जाईल तिच्यावर," कृष्णात म्हणाला. त्याला माझा लळा होता. "चौदा वर्सं वढलंय तिनं."

"म्हणूनच आता बसू द्या तिला."

उद्यमनगरातून नवी पिन आली. चकचकीत, फुगलेली, जगात आपणच पहिल्या आल्यासारखी. मला मोडक्या नट-बोल्टांच्या डब्यात टाकलं. दोन पावसाळे मी त्या डब्यात गंजले. कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. ज्यांच्यासाठी एवढं ओढलं त्यांना साधी आठवण नसावी? मग एक दिवस आण्णा खुंटीसाठी काहीतरी शोधत आला. मला बघून त्याचा हात डब्यात तसाच थांबला. त्याने मला घरी नेलं, वाळूने घासलं आणि गोठ्याच्या भिंतीत पक्कं बसवलं. आता माझ्यावर त्याच्या म्हशींची दावी असतात आणि धाकटं रेडकू मला दिवसातून चारदा चाटतं. चव कसली लागते त्याला, देव जाणे.

मित्रांनो, एवढंच सांगायचं होतं. तुमच्याही घरी ट्रॅक्टर असेल, ट्रॉली असेल. त्यांच्या मधल्या जागेत खेळू नका, दांड्यावर बसू नका. पिन झिजली की बदलायला सांगा, खीळ हरवली तर गाडी हलू देऊ नका. आणि घरातलं कुणी मधे शिरलेलं असताना गाडी मागे येताना दिसली, तर पुढे पळू नका, पण कडेला या, चालवणाऱ्याला दिसेल असे दोन्ही हात वर करा आणि गाडी थांबेपर्यंत खाली घेऊ नका. कदाचित लोक हसतील. आमच्या कृष्णातला दहा वर्षं हसले, मग दमले. आण्णा मात्र आज सकाळीसुद्धा शीळ घालत गोठ्यात आला होता.